पाठ फिरवून बसणारे गजभियेकाका

गजभियेकाकांच्या दुकानात कोणी बिघडलेली हार्ड डिस्क घेऊन आलं, की काका आधी त्याच्यापुढे एक कागद आणि पेन सरकवत. "तीन फायलींची नावं लिहा," म्हणत. डिस्कमध्ये काय आहे, ते किती महत्त्वाचं आहे, हे ते कधीच विचारत नसत. नाव, मोबाइल नंबर आणि तीन फायली. पंधरा-वीस दिवसांनी काम झालं की माणसाला बोलावून घेत, मॉनिटर त्याच्या बाजूला वळवत, माउस त्याच्या हातात देत आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत.

"उघडा. त्या तीनच उघडा. चालल्या का सांगा."

कोणी 'अरे वा' म्हणे, कोणाला हुंदका येई. एकदा एक वकीलसाहेब माझ्यादेखत लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले होते. काका तेव्हाही भिंतीकडेच पाहत होते. त्या भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. बुद्धाची एक छोटी तसबीर, विजेचा बोर्ड आणि पोपडे निघालेला एक मोठा डाग.

मी एकदा विचारलं, "काका, एवढे दिवस खपता, मग काय निघालं ते पाहावंसं नाही वाटत?"

"काहून पाहू? त्याइच्या घरातलं हाय ते. मी दार उघडून देतो. आत मी जात नसतो."

माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. राहायला नागपुरात प्रताप नगरला, पण कामासाठी सगळं शहर पालथं घालतो. काकांची ओळख झाली ती एका मे महिन्यात. एका लग्नाचं शूटिंग मी कॅमेऱ्याच्या कार्डांवरून एका डिस्कवर उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं, म्हणून कार्डं पुसून मोकळी केली होती. त्याच दिवशी स्कूटरवरची बॅग स्पीडब्रेकरवर उसळून खाली पडली. डिस्क लावली तर आतून नुसता टक-टक आवाज. लग्नाच्या आठव्या दिवशी नवरीचे वडील ऑफिसात बसल्याबसल्या गेले. नवरीच्या मामांचा फोन आला, "दादा, बाकीची काही घाई नाही. फक्त पाठवणीचं तेवढं लवकर द्या. ताई तेच मागून राहिली."

मामांना मी 'हो, देतो' म्हणालो, एका फोटोग्राफरकडून काकांचा पत्ता घेतला आणि तासाभरात महाल या जुन्या वस्तीत पोचलो. भांड्यांच्या दुकानाच्या बाजूने एक अरुंद जिना वर जात होता. वर दहा बाय बाराची खोली होती, चारही बाजूंनी डिस्कांनी भरलेली. मधोमध टेबलापाशी पांढऱ्या शर्टातला, साठीला आलेला एक बारकासा माणूस बसला होता.

"किती वेळा चालू करून पाह्यली?"

"दोन-तीनदा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग."

"वीसेक वेळा."

"पहिलं काम बंद करणं असते," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, थकल्यासारखा होता. "कोणी करतच नाही. चालू करून करून मारतात. आतमधी खरचटत जाते, अन् माणूस म्हणते, अजून एकदा पाहू."

मग तो कागद पुढे आला. मला फायलींची नावं ठाऊक नव्हती, कॅमेरा नुसते आकडे देतो. मी तीनही ओळींवर 'पाठवणी' असं लिहिलं. काकांनी वाचलं. मी न विचारताच सगळी हकिगत सांगितली. त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. एरवी ते कागद डिस्कला रबराने बांधत, हे मला पुढे समजलं.

दर दोन-तीन दिवसांनी मी जाऊन बसायचो. नागपूरचा मे महिना, आणि डिस्क उघडायच्या वेळी काका कूलर बंद करायचे. कूलरच्या हवेत धूळ असते, ओल असते, आणि धुळीचा एक कण आत गेला तरी डिस्कच्या चकतीवर ओरखडा उठतो. काचेची एक पेटी त्यांनी स्वतःच बनवली होती. तिच्या दोन भोकांतून हात आत घालून ते काम करत. घाम गळू नये म्हणून कपाळाला दुपट्टा घट्ट बांधलेला असायचा. त्याच कंपनीची, त्याच बनावटीची दुसरी डिस्क शोधायला ते तीन दिवस भंगारवाल्यांकडे हिंडले. तिच्यातला सुईसारखा भाग काढून माझ्या डिस्कला बसवला. मग डिस्क वाचायला लावली. पडद्यावर हजारो करडे चौकोन होते. एकेक चौकोन हिरवा होई. कधी कधी अर्धा तास एकही होत नसे. काका हातावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत बसत. तेवढं पाहणं मात्र त्यांना चालत असे.

बारा दिवसांनी पाठवणी निघाली. आवाज मधेमधे तुटत होता, पण चित्र होतं. मंगलाष्टकं मात्र गेली ती गेलीच. मी मनात जुळवून ठेवलं होतं: दुसऱ्या एका लग्नातली अक्षतांची, हातांची, गर्दीची दृश्यं घालू, वरून सनई टाकू, कोणाला कळणार? तसं मी काकांना बोलूनही दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच, वळून न पाहता म्हणाले, "सगळं येत नसते. आलं ते त्याइले नीट दे. जे गेलं ते गेलं म्हणून सांगजो. लपवू नको. ते लोकं हे जन्मभर पाहणार हायेत."

मी गेलो आणि सांगितलं. नवरीच्या आईने मंगलाष्टकांचं नावही काढलं नाही. पाठवणीत तिचे यजमान गाडीच्या टपावर सुटकेसी बांधत होते. बांधून झालेल्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधत होते, म्हणजे लेकीसमोर यायला नको. ती ते पाहत राहिली आणि म्हणाली, "पाहा, असेच होते हे."

त्यानंतर सहा-सात वर्षं मी काकांकडे जात राहिलो. माझ्या धंद्यात डिस्का बिघडतातच. एकदा काका म्हणाले होते, "माह्याकडे दुसऱ्यांदा येणारा तू एकटाच हायेस." तेव्हा मी हसलो होतो. पण ते खरं होतं. त्यांच्याकडे लोक येत ते रडकुंडीला येऊन. हात जोडत, 'तुम्हीच आता देव' म्हणत. फायली हातात पडल्या की जिना उतरत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. वाईट दिवस आठवून देणाऱ्या जागी कोण पुन्हा जातो? रस्त्यात समोरून आले तरी ओळख देत नसत. काकांनाही त्याचं काही वाटत नसावं, असं मी धरून चाललो होतो. खोलीत एकच जादा खुर्ची होती आणि तिच्यावर बहुतेक वेळा डिस्काच ठेवलेल्या असत.

मग तो दिवस आला. तीन वर्षं झाली असतील. माझी एक डिस्क काकांकडे होती आणि ती घ्यायला मी दुपारी बाराच्या सुमाराला गेलो. खाली गर्दी होती. जिन्यात सात-आठ माणसं चढउतार करत होती, मोठ्याने शिव्या चालल्या होत्या. वर दोन पोलीस काकांचे कॉम्प्युटर उचलून पोत्यांत भरत होते. काका दाराशी उभे होते. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि गालावर लाल वळ होता.

गर्दीतल्या बोलण्यावरून मला समजलं ते असं. एका कॉलेजातल्या मुलीचे खासगी फोटो कोणीतरी मोबाइलवर सगळीकडे पाठवले होते. दीड महिन्यापूर्वी तिच्या लॅपटॉपची डिस्क तिच्या भावाने काकांकडे दुरुस्तीला दिली होती. डिस्क ज्याच्या हातात होती त्यानेच फोटो काढून घेतले, असं भावाने ठरवून टाकलं होतं. तो पोलिसांच्या आधीच वर पोचला होता.

आता लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मला ते ऐकून क्षणभर खरंच वाटलं. एकटा राहणारा माणूस, बंद खोली, दुनियेचे फोटो हाताखालून जाणारे. इतकी वर्षं ज्यांची पाठ मी पाहत आलो होतो त्यांच्याबद्दल मला हे वाटलं.

हवालदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही कोण? याचे कोण लागता?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "काम पडलं तर येतो, बस."

काका माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि पुढचं बोलून गेलो, "माझी एक डिस्क आहे इथं. लग्नाची. तेवढी देता का साहेब?"

"सगळं जमा होईल. ठाण्यावर या."

मग काकांचा आवाज आला, अगदी शांत. "साहेब, याले जाऊ द्या. गिऱ्हाईक हाय. याचा काही संबंध नाही माह्याशी."

मी जिना उतरलो. खाली भांड्यांच्या दुकानातला माणूस विचारत होता, काय झालं म्हणून. मी गाडीला किक मारली.

काकांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं आणि सोडलं. दुकानाच्या पाटीला कोणीतरी काळं फासलं. चार महिन्यांनी माझी डिस्क घ्यायला मी ठाण्यावर गेलो, तेव्हा कागदावर सही घेता घेता तोच हवालदार म्हणाला, "तो म्हातारा नव्हता बरं त्याच्यात. पोरीचं ज्याच्यासंगं लग्न ठरलं होतं ना, मोडलं मग, तो निघाला. त्याच्याच मोबाइलमधून गेले. कबूल केलं त्यानं."

"मग हे लोकांना कोणी सांगितलं का?"

"कोणाले सांगाचं?" हवालदार म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी तिथून थेट महालात जायला हवं होतं. नाही गेलो. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. लग्नाचा हंगाम आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे त्या जिन्यावर पाय ठेवायची हिंमत नव्हती.

एका सकाळी त्यांचाच फोन आला. स्क्रीनवर नाव पाहून मी तीन-चार रिंगा तशाच वाजू दिल्या.

"किशोर, आज चार वाजता मोकळा हायेस का?"

"हो काका. काय झालं?"

"ते पोरगी येतो म्हणून राहिली. जिची डिस्क होती ते. तिचा फोन आला होता. मी नको म्हटलं, तर रडाले लागली. मी एकटा असतो इथं. दार उघडं ठेवीन, पण तरी कोणी पाह्यजे. तू येऊन बसशील?" मग म्हणाले, "दुसरं कोणाले म्हणू, समजलं नाही."

मी साडेतीनलाच गेलो. खोली अर्धी रिकामी वाटत होती. कॉम्प्युटर परत आले होते, पण पोत्यांतून न काढता तसेच भिंतीशी ठेवलेले होते. पाटी उतरवून जिन्यात उलटी लावली होती. काकांनी जादा खुर्ची पुसून ठेवली होती आणि तिसरी खुर्ची खालच्या दुकानातून मागून आणली होती. मागच्या गोष्टीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

मुलगी आली ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून. इकडे उन्हाच्या दिवसांत सगळ्याच मुली तसा गुंडाळतात, पण तेव्हा थंडी होती. आत आल्यावर तिने तो सोडला. वीस-एकवीस वर्षांची असेल. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा काका म्हणाले, "हा माह्या ओळखीचा हाय. बस वं बेटा. बोल."

'ओळखीचा' हा शब्द ऐकला आणि मी खाली पाहिलं.

ती बसली आणि एकदम सुरू झाली. "काका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्ही नाही ते. ते फोटो त्या डिस्कवर नव्हतेच कधी. मी ते मोबाइलवरून त्यालाच पाठवले होते. पण ते घरी सांगितलं असतं तर विचारलं असतं, तू पाठवलेच काहून. दादा तुमचं नाव घेऊन ओरडत होता आणि मी आतल्या खोलीत बसून होते. तुम्हाला मारलं हेही मला ऐकू आलं, तो फोनवर सांगत होता तेव्हा. तरी मी बोलले नाही. पोलिसांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोलले." तिचा आवाज फाटला. "तुम्ही मॉनिटर वळवून दिला होता मला. त्या दिवशी डिस्क घ्यायला मीच आले होते. तुम्ही तिकडे तोंड करून बसला होतात. मला सगळं आठवत होतं."

काका उठले, माठातून पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला आणि पुन्हा बसले.

"मी खाली जाऊन सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "त्या दुकानवाल्यांना, सगळ्या गल्लीला. लिहून देते पाहिजे तर. माझं नाव घालून मोबाइलवर टाकते, की काकांचा काही दोष नव्हता."

"नाही," काका म्हणाले. इतक्या ठामपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बिलकुल नाही."

"पण काका, तुमचं दुकान…"

"ऐक बेटा. तू सांगशील, अन् लोकं ऐकतील कोणतं? माह्यं ऐकतील का? ते तुह्यंच ऐकतील. ज्यानं ते फोटो नाही पाह्यले तो पण शोधाले लागेल. आत्ता कुठी ते थांबून राहिलं. तू काहून पुन्हा चालू करतेस?" मग ते म्हणाले, "माह्यं वय झालं. मले कोणी काही म्हणो. तू कॉलेज सोडलं तर नाही ना?"

"जात नाही दोन महिन्यांपासून."

"जाजो. उद्यापासून जाजो. हे एवढं माह्यं काम कर."

ती तोंड ओंजळीत धरून रडत राहिली. आम्ही दोघं बसून होतो, दार सताड उघडं, खालून भांड्यांचा आवाज. जाताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर काका मागे सरले. हात जोडून "जयभीम" म्हणाले. तीही तसंच म्हणाली आणि स्कार्फ गुंडाळून जिना उतरली.

मला आता बोलणं भाग होतं. त्या पोरीने माझ्या निम्म्या वयात जे केलं, ते मला पाच महिने जमलं नव्हतं.

"काका, त्या दिवशी पोलिसांना मी जे म्हणालो…"

"काय म्हटलं तू?"

"हेच, की कोणी नाही. काम पडलं तर येतो."

ते ग्लास विसळत होते. माझ्याकडे पाठ होती. "मग खरंच तर सांगतलं ना गा. काम पडलं तरच येत होता."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. ते फक्त एक माहिती सांगत होते, डिस्कमधून काय निघालं आणि काय नाही निघालं ते सांगावं तशी.

त्यानंतर मी मंगळवारी जायला लागलो. मंगळवारी माझ्याकडे सहसा काम नसतं. पहिल्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "काय बिघडलं आज?" मी म्हणालो, काही नाही, सहज आलो. ते गोंधळले. सहज आलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. ते उगाच टेबल पुसत राहिले, स्क्रू डबीत मोजून ठेवत राहिले. तासाभराने म्हणाले, "बरं मग, येजो." दोन-तीन महिने असंच चाललं. मग हळूहळू ते बोलायला लागले.

वडील गिरणीत होते, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या वर्षी ऐन विशीत होते, शिकायला मिळालं नाही म्हणून मुलांच्या शिक्षणाच्या मागे हात धुऊन लागले. काका आयटीआय झाले, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, मग कॉम्प्युटर. लग्न झालं होतं, हे मला तेव्हाच समजलं. सहा वर्षांनी बायको माहेरी अकोल्याला गेली ती आली नाही. भांडण असं काही नव्हतं.

"मी घरी बोलत नव्हतो," ते म्हणाले. "तिले वाटे का मी रागावलो. मी रागावलो नव्हतो गा. मले बोलाचं सुचतच नव्हतं. ते जाऊन राहिली तवा पण मी दारात उभा होतो. तिनं दोनदा मागं पाह्यलं. मी म्हटलं असतं, नको जाऊ, तर राह्यली असती. मले आता समजते."

"मग तेव्हा का नाही गेलात आणायला?"

"तवा समजत नव्हतं ना."

काम काही परत आलं नाही. ज्यांना ती भानगड माहीत होती ते येत नव्हते आणि ज्यांना माहीत नव्हती त्यांचं सगळं आता मोबाइलमध्ये होतं. नव्या डिस्कांवर काकांचा राग होता. त्यांच्यात फिरणारं काही नसतं, बिघडताना आवाज येत नाही. "हे मुकाट्यानं मरतात. दुखते कुठी ते सांगतच नाहीत," असं ते म्हणायचे. एका मंगळवारी त्यांनी सांगितलं की खोली सोडतो आहे, भंडाऱ्याला बहिणीकडे राहायला जाणार.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. लोकांनी दुरुस्तीला देऊन कधीच न नेलेल्या डिस्का. शंभराच्या वर असतील. काकांनी एकेका कागदावरचा नंबर फिरवला. मी शेजारी बसलो होतो. बरेच नंबर बंद होते. काही जणांना आठवतच नव्हतं. एक बाई म्हणाली, "ते वारले हो, आता काय करायचं त्याचं." नऊ जण येऊन आपापली डिस्क घेऊन गेले.

उरलेल्या आम्ही दोघांनी दोन दिवस बसून नष्ट केल्या. काका म्हणाले, भंगारात टाकल्या तर कोणाच्याही हाती लागतील. ते एकेक उघडत, आतली आरशासारखी चकती काढत आणि माझ्या हाती देत. मी ती पॉलिश पेपरने घासायची, दोन्ही बाजूंनी, तोंड दिसेनासं होईपर्यंत. काही चकत्या काचेच्या निघायच्या, त्या कापडात गुंडाळून हातोडीने फोडायच्या. आयुष्यभर ज्या माणसाने धुळीच्या कणापासून या चकत्या जपल्या तो आता माझ्याकडे पाहून सांगत होता, "अजून घास. काठावर राह्यलं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची चकती झाली तेव्हा दोघांचे हात चंदेरी झाले होते. काकांनी ते धुतले नाहीत. तसेच मांडीवर ठेवून बसून राहिले.

"कोणाचं काय काय होतं याच्यात," ते म्हणाले. त्यांनी हे म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

भंडाऱ्याला मी चारदा गेलो. त्यांची बहीण वत्सलाबाई विधवा, बोलकी. अंगणात शेजारचे लोक येऊन बसायचे, काका त्यांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करून द्यायचे. "इथं लोकं काम नसलं तरी येतात गा," ते मला कौतुकाने म्हणाले. "सुरुवातीले मले समजेच नाही, का पाह्यजे काय त्याइले." पण बोलत सगळे वत्सलाबाईंशीच. काका अंगणाच्या टोकाला बाजेवर बसून ऐकत. मी निघालो की बसस्टँडपर्यंत चालत यायचे. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे, काही न बोलता.

गेल्या हिवाळ्यात रामदासपेठेत एका घराच्या गच्चीवर मी हळदीचं शूटिंग करत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. खिशातला फोन वाजत राहिला, म्हणून एका हाताने कॅमेरा सांभाळत मी तो घेतला. वत्सलाबाई होत्या.

"किशोरभाऊ, भाऊ गेला. परवा गेला. सकाळी च्या घेऊन गेली तर उठलाच नाही. तुमचा नंबर आत्ता सापडला त्याच्या डायरीत."

मी "हो," म्हणालो. एवढंच. फोन खिशात टाकला आणि शूटिंग पुढे चालू ठेवलं, कारण नवरीची आजी हळद लावायला उठली होती आणि सगळे मला हाका मारत होते.

आठवड्याने ते चित्रण कॉम्प्युटरवर लावलं. बायका हसत आहेत, आजीचा हात नवरीच्या गालाकडे जातो आहे, आणि तिथे कॅमेरा खाली येतो. मग पडद्यावर नुसती गच्चीची फरशी, सांडलेलं पिवळं पाणी आणि इकडून तिकडे जाणारे अनवाणी पाय. वर गाणी चालू आहेत. कोणीतरी बाई विचारते, "शूटिंगवाले दादा, बरं नाही का वाटत?" उत्तर येत नाही. चाळीस सेकंदांनी कॅमेरा पुन्हा वर जातो.

ते चाळीस सेकंद मी लग्नाच्या फिल्ममध्ये घेतले नाहीत. पण पुसलेही नाहीत.